शुक्रवारचा संघ, रविवारचा सामना

भिवंडीच्या स्टँडवर उतरलो तो शुक्रवारी. शहर गप्प. कोल्हापुरात इथल्या लूमच्या (यंत्रमागाच्या) खडखडाटाबद्दल इतकं ऐकलं होतं की मला वाटलं, संप आहे. रिक्षावाला हसला. "जुम्मा आहे, साहेब. लूम बंद. रविवारी या, कान फुटतील."

मी आलो होतो फुटबॉल पाहायला. देशपातळीवरच्या बाद पद्धतीच्या चषकात, म्हणजे हरलं की थेट घरी, इथल्या कामगारांचा संघ पहिल्यांदाच पोचला होता. पहिली फेरी रविवारी, भिवंडीजवळच्या वळ गावात.

गोदामांच्या पत्र्यांमध्ये उरलेलं मैदान. सराव चाललेला, पण चिडीचूप! आपल्या कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यात खेळाडूच प्रेक्षकांपेक्षा जास्त ओरडतात. इथे गोलरक्षक इम्तियाजने पंजा वर केला, बचावातल्या सलीमने मान वळवून पाहिलं आणि चेंडू सोडून दिला.

"लूमपे आवाज नहीं चलता, भाई," इम्तियाज म्हणाला. "हाथ उठाया मतलब, रुक, मैं देखता हूँ."

प्रशिक्षक भरतदादा वळचेच. खिमा-पाव खाता खाता म्हणाले, "संघ हाय, मैदान हाय, दिवस न्हाय. आमची सुट्टी शुक्रवारची. सामना शुक्रवारी द्या म्हणून अर्ज केला. उत्तर आलं, रविवारी सगळ्यांना सुट्टी असते."

सगळ्यांना! हे सगळे कोण, ते त्या कार्यालयाने एकदा भिवंडीत येऊन सांगावं.

रविवारी सकाळी सलीम नव्हता. दिवसाची शिफ्ट, त्याने बदली (आपल्या जागी लूम चालवणारा) मागितला, तर शेठ म्हणाला, "मॅच के लिए बदली? तेरी शादी है क्या?" इम्तियाज रात्रपाळी संपवून थेट आला, केसांत सुताचे तंतू, डोळे लाल. सलीमच्या जागी गोदामात माल चढवणारा केतन.

सत्तर मिनिटं शून्य-शून्य. मग एक उंच चेंडू आला. इम्तियाज पुढे धावला, पंजा वर केला, तोंडातून शब्द नाही. केतनने मागे पाहिलंच नाही. त्याने डोक्याने चेंडू मागे ढकलला, इम्तियाजच्या डोक्यावरून, आपल्याच जाळ्यात.

एक-शून्य. चषक संपला.

केतन रडत होता. "ओरडायचं तरी, इम्तियाजभाई!"

"आदत नहीं रे," इम्तियाज एवढंच म्हणाला.

आयोजकांचा माणूस भरतदादांना सांगत होता, "संवाद कमी पडला." मी चिडून म्हणालो, "संवाद तुमचा कमी पडला. अर्ज वाचला असतात, तर तिथे सलीम उभा असता!" तो म्हणाला, "तुम्ही कोण?" मी कोल्हापूरचा, आणि आजवरचे सगळे सामने रविवारी आरामात पाहिलेला. ते कुणाच्या सुट्टीप्रमाणे ठरतात, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

स्टँडवर इम्तियाज सोडायला आला. बस सुटली तेव्हा त्याचे ओठ हलले, इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. मग त्याने पंजा वर केला. रुक, मैं देखता हूँ.

नाही, इम्तियाजभाई. बघायचं काम लूमवर बारा तास तुम्ही करताच. पुढच्या चषकासाठी शुक्रवारचा अर्ज मी लिहिणार, आणि सह्या कोल्हापुरातल्या रविवारवाल्यांच्या घेणार.