तपासनीस आबांची वाटी

ताट पुढ्यात आलं की तपासनीस आबा आधी वाटी उचलून नाकाशी न्यायचे. वरण असो, मेथीची भाजी असो, नाहीतर नुसतं ताक असो. डोळे मात्र वाटीत नसायचे, वाढणाऱ्यावर रोखलेले असायचे. वाढणारी म्हणजे मी. जळगावच्या त्या वृद्धाश्रमात मी स्वयंपाक करायची आणि तीन वर्षं रोज दोन वेळा माझी अशी झडती व्हायची. 'तपासनीस' हे नाव मीच पाडलं, तेही रागानं.

आबा धुळ्याकडच्या एका खेड्यातले. बायको गेली तेव्हा तिच्या नावानं त्यांनी मटण-अंडं सोडलं. घरात बाकीचे खाणारे, म्हणून मटणाचं पातेलं वेगळं, गोठ्यात पालथं घातलेलं. माझ्या गावी, पहूरलाही हीच रीत. एकदा घाईत सुनेनं तेच पातेलं घासून त्यात डाळ शिजवली आणि 'हे तेच पातेलं का' विचारल्यावर 'नाही' म्हणाली. पुढे आबा घर सोडून आश्रमात आले, त्याचं मूळ त्या डाळीत होतं. "पातेलानं काय नही," ते मला म्हणाले होते, "पन ती मना तोंडवर खोटं बोलनी."

आश्रमाचं जेवण पूर्ण शाकाहारी, तसं दारावरच्या पाटीवर लिहिलेलंच होतं. पण पाटीवर विश्वास ठेवतील ते आबा कसले. "पाटी कोनीबी लिखस," म्हणायचे. मग ठरलेले प्रश्न यायचे, केलं कुणी आणि पातेलं कुणाचं. "हाई कोन्ही करं? पातेलं कोनं शे?" सोमवारी एक जास्तीचा असायचा, "काल तुना घर काय व्हतं?" रविवारी आमच्या घरी मटण असतं. मी बेधडक सांगायची, "भरीत, आबा." ते वाटीआडून माझ्याकडे बघत राहायचे आणि माझे कान तापायचे. आपल्याच स्वयंपाकघरात चोरासारखं उभं राहायचा मला मनस्वी संताप यायचा.

संशय काही एकट्या त्यांनाच नव्हता. ताट लख्ख परत यायचं आणि माणूस मात्र वाळत चाललेला, तेव्हा माझ्याही मनात पाल चुकचुकली. एकदा चादर बदलायच्या निमित्तानं मी त्यांच्या उशीखाली हात घातला. कागदात गुंडाळलेले कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीचे तुकडे निघाले. मी तावातावानं ते त्यांच्यापुढे धरले. आबा शांतपणे म्हणाले, "तू सुट्टीवर व्हती. हाई दुसरीनी करेल शे." माझ्या हातचं सोडून ते कुणाचंच खात नव्हते; माझी सुट्टी म्हणजे त्यांचा उपास, आणि त्या वर्षी माझ्या सुट्ट्या बऱ्याच झाल्या होत्या. इतका संशय घेणारा माणूस माझ्याच हातचं का खातो, हे मला तेव्हा कळलं नाही.

वजन घटत गेलं तशा आश्रमाच्या व्यवस्थापक बाई वैतागल्या. "आणखी एक किलो उतरलं तर मुलाला बोलावते, घेऊन जाऊ दे धुळ्याला," त्यांनी आबांदेखत सांगून टाकलं. आबांचा हात खाटेची पट्टी घट्ट धरून होता, तो मी पाहिला.

त्यानंतर मी दोन दिवस तापानं घरी होते. तिसऱ्या दिवशी आले तर आबा दोन दिवसांचे उपाशी. त्यातच कुणाच्या तरी वडिलांच्या वाढदिवसाचं जेवण बाहेरून आलेलं, मोठाल्या पातेल्यांतून. काळ्या मसाल्यातली पाटोड्यांची रस्साभाजी होती. बेसनाच्याच वड्या, पण दिसायला थेट मटण. आबांनी वाटी नाकाशी नेली, माझ्याकडे पाहिलं.

"हाई कोन्ही करं?"

"मीच."

त्या दिवशी त्यांनी फार वेळ पाहिलं. मग भाकरी कुस्करली, जेवले, वर आणखी रस्सा मागून घेतला. माझा जीव भांड्यात पडला.

जेवणं उरकल्यावर पातेलं घासताना कडीपाशी लाल रंगाचा पट्टा दिसला आणि मी घासणं थांबवलं. आमच्या भागात भाड्याची पातेली देणारे मटणाच्या पातेल्याला अशी खूण करून ठेवतात, सरमिसळ होऊ नये म्हणून. ही खूण कुणीच पाहिली नव्हती, मीही नाही. सुनेनं केलं तेच मी केलं होतं, पातेलंही तेच आणि खोटंही तेच.

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण चहाच्या वेळी मी आबांसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"माले वास येस नही, पोरी," ते म्हणाले. "करोनामा गया, तो परत उनाच नही. मी तुनं तोंड देखस, त्यावर काहीच लपस नही. सोमवारनं भरीत देखं, आज तू खोटं बोलनी, तेबी देखं."

"मग खाल्लं कशाला, आबा?"

"सून सोतासाठे खोटं बोलनी. तू मनासाठे बोलनी, मी दोन घास खावाले पाहिजे म्हनीसन. मनासाठे खोटं बोलनारं आते कोन शे?"

मला तिथं उभं राहवलं नाही.

पुढच्या सोमवारी वाटी पुन्हा नाकाशी गेली. "काल तुना घर काय व्हतं?"

"मटण," मी म्हणाले.

"हात धुयात ना? मंग वाढ."

आबा धुळ्याला गेले नाहीत. थंडीत, आश्रमातल्याच आपल्या खाटेवर गेले. आदल्या दुपारी माझ्या हातची खिचडी चार घास खाल्ली होती, वाटी नाकाशी नेऊनच. आता कुणी म्हातारं माणूस ताटाकडे संशयानं बघायला लागलं की मला राग येत नाही. मी वाढते आणि त्याला माझं तोंड नीट दिसेल अशी समोर उभी राहते.