अर्धे पेले

आज मोबाईलवर निरोप आलाय : आपल्या भागात पाणी उशिरा व कमी दाबाने येईल. उशिरा म्हणजे दुपारी की उद्या, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं. टाकी अर्धी आहे. ओतू की ठेवू?

मी मूळची श्रीपूरची, कारखान्याच्या वसाहतीतली. तिथं नळ उघडायचा अवकाश, की पाणी. यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही सोलापुरात भाड्यानं आलो, तेव्हा मी पंचेचाळिशीची शहाणी बाई होते. स्वतःला शहाणी समजणारी, असं वाचा. इथं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, हे मला कुणी सांगितलं तेव्हा मी हसले होते.

पण एक रीत मी झटक्यात उचलली. पाणी यायच्या दिवशी आधीचं पाणी शिळं म्हणून ओतायचं, टाकी घासायची, मग ताजं भरायचं. आमच्या आधी मागच्या गल्लीची पाळी असे. त्यांचं झालं की आमचं.

मुलीला बघायला पाहुणे येणार होते. स्थळ चांगलं होतं, आणि आधीची दोन फिसकटलेली. म्हणून मी मुद्दाम पाण्याचाच दिवस दिला. सकाळी मागच्या गल्लीतल्या बायका भरलेल्या घागरी घेऊन जाताना दिसल्या. पाळी सुरू झाली! मी टाकी ओतली, पिंप ओतलं, माठसुद्धा ओतला. पदर खोचून नारळाच्या शेंड्यांनी सगळं लख्ख घासलं आणि नळाखाली बादली लावून बसले.

नळ गप्प.

शेजारच्या अक्का आल्या. तेलुगू घर, यंत्रमागावर चादरी विणणारं. रिकामी टाकी बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, पाईप फुटलाय की! त्या बायका टँकरवरनं आणत होत्या."

"मग आपलं पाणी?"

"आता परवा. नळ बोलल्याबिगर टाकी ओतत्यात व्हय कुणी?"

नळ बोलतो? मला कळेना. पाणी यायच्या आधी नळातून हवा फुसफुसते, हे मला नंतर समजलं.

अक्कांनी एक कळशी दिली. पाहुणे सहाजण. चहाचं पाणी काढल्यावर उरलं त्यात मुलीनं पेले अर्धेअर्धे भरले. मी दाराआड उभी. हेही स्थळ गेलं, आणि माझ्यामुळं गेलं.

मुलाची आई पेल्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पोरीला वळण लई चांगलं लावलंय तुमी. अर्धा पेला देती, उष्टं टाकायला नको. आमच्यात असंच लागतं."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी नम्रपणे मान खाली घातली. वळण म्हणतात का ह्याला?

लग्न झालं. वसाहतीत वाढलेली पोर, आंघोळीला तीन बादल्या लागतात तिला. महिनाभरात सासूबाईंचा फोन : "विहीणबाई, ते वळण कुठं गेलं हो?" मी म्हटलं, लाईन खराब आहे, ऐकू येत नाही.

आता माझी नात शाळेत जाते. मघाशी तिच्या आईचा फोन आला.

"आई, टाकीला हात लावला न्हाईस ना?"

"न्हाई गं."

मी नळाला कान लावून उभी आहे. हातात टाकी उपसायचा मग. काहीतरी फुसफुसल्यासारखं वाटतंय. की माझ्याच कानात?