पडलेली गाडी आज मीच उचलली

मैत्रिणींनो, आज सकाळी माझी गाडी पडली आणि तरी मी लई खूश आहे!

डांबरीवर आणि कच्च्या वाटेवरही चालणारी ही माझी मोटरसायकल उंच आणि चांगलीच जड. मागं एकदा खुलताबादच्या पुढं ती पडली, तेव्हा मला उचलताच येईना. कुणीतरी येईपर्यंत उन्हात बसून राहिले. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आता एकटी नको जाऊ."

एकटीनं फिरायलाच तर घेतली होती! मग पडेगावच्या गॅरेजात साडीगार्ड, लोखंडी कॅरिअर, मधला स्टँड, सगळं काढायला लावलं. बॅटरीही हलकी बसवली.

आज त्याच वाटेला गेलो. नवरा स्कूटरवर मागं होता. मुरमावर माझं पुढचं चाक घसरलं आणि गाडी आडवी झाली, तसा तो धावत आला.

"थांब, हात लावू नको," मी म्हणाले. गाडीकडं पाठ करून हँडल आणि सीटखालची चौकट धरली, पायांनी जोर लावला आणि गाडी उभी केली.

तो हसून म्हणाला, "पुढच्या रविवारी मी नाय आलो तर चालंल ना?"

"चालंल की!"

तुम्ही तुमच्या गाडीतलं काय काय काढलंत? सांगा, माझी अजून थोडी हलकी करायची आहे.