काकांची डावी बाजू

“डावीकून येणारा माणूस मनानं साफ नसतो, लिहून घ्या!” एक पाय जमिनीला टेकवून, सायकल तिरकी धरून काका एका बाईंना सांगत होते. त्या बिचाऱ्या चालता चालता त्यांच्या डाव्या हातानं पुढं गेल्या होत्या, एवढाच त्यांचा गुन्हा. मी मागं माझ्या सायकलची चेन बसवायच्या निमित्तानं वाकून ऐकत होते. हे आमच्या समोरच्या घरातले काका. सगळ्यांवर इतका सारखा, लहानथोर न बघता संशय घेणारा माणूस अख्ख्या लातुरात दुसरा नसेल.

तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, त्यातली बरीच लातूर-नांदेड. रिटायर झाल्यावर बस गेली, पण नजर तशीच राहिली. सकाळचा पेपर कुणीतरी आधी वाचून मग आपल्याकडं टाकतो असं त्यांना वाटतं, म्हणून ते उघडण्याआधी घड्या तपासतात. गल्लीतलं कुत्रं गेटसमोर पसरलेलं असलं की म्हणतात, “हे झोपलं न्हाई. झोपल्याचं दाखवायलंय.” आणि मी? लहानपणापासून इंग्लिश शाळेत गेलेली, कुणी बोललं तर मान हलवणारी. त्यांनी आईला स्पष्टच सांगितलं, “वहिनी, तुमची पोरगी लई गप असती. कायतरी लपवून राहिली.” आई हसून म्हणाली, “लपवायला बोलावं तर लागतं ना भावजी!”

आमच्याकडच्या मैदानाभोवती गोल ट्रॅक आहे. चालणारे आणि सायकलवाले त्यावर एकत्र, सगळे एकाच दिशेनं फिरतात. डाव्या कडेला बोगनवेलीचं कुंपण आणि लिंबाची सावली. काकांचा नियम असा, की सायकल डाव्या कडेला चिकटून चालवायची, पुढं जायचं तर उजवीकडूनच जायचं, आणि जाण्याआधी तोंडानं सांगायचं. घंटीवर त्यांचा विश्वास नाही. “घंटी कुणीबी वाजवतंय. आवाज दिला की माणूस कळतो.” ते स्वतः कुंपणाला इतके घासून जायचे की शर्टाची डावी बाही कायम ओरखडलेली असायची. त्याच बाजूच्या हँडलला त्यांनी ट्रकचा भलाथोरला आरसा लावला होता. उजवीकडं काहीच नाही. लोक हसायचे, “ड्रायव्हर साहेब, गाडी कुठली लागली आज?”

आता तोंडानं सांगणं म्हणजे माझ्यासाठी परीक्षाच. पहिले काही दिवस मी त्यांच्या मागूनच चालवत राहिले, पुढं गेलेच नाही. मग त्यांनी मागं वळून विचारलं, “काय गं, पाळत ठेवायलीस का?” त्यानंतर मी रोज फेरीआधी, बाकड्यापाशी त्यांच्या डाव्या हाताला उभी राहून, घसा साफ करून “गुड मॉर्निंग काका” म्हणायला लागले. ते उत्तरच द्यायचे नाहीत. मला वाटलं, राग आहे. मग वाटलं, घमेंड आहे. एक दिवस ते थांबलेले असताना मी योगायोगानं उजव्या बाजूनं आले आणि हळू आवाजात ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले. काका केवढे तरी खूश झाले. “आज तोंड उघडलं म्हणायचं!”

मी गप असते, पण बघत असते. पुढचे चार दिवस मी कधी डावीकडून, कधी उजवीकडून बोलून पाहिलं. उत्तर फक्त उजवीकडून बोललं तरच मिळायचं. जुन्या बसमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिन असायचं, हे त्यांनीच कधीतरी सांगितलेलं. तीस वर्षं ते त्यांच्या डाव्या कानाशी घरघरत होतं. बाही, आरसा, कुंपण, सगळं एकदम जागेवर बसलं. मी कुणालाच सांगितलं नाही, कारण त्यांच्या मुलाचं बोलणं आमच्या गॅलरीत ऐकू येतं. मागं काका एका आजोबांना धडकले होते तेव्हा तो ओरडला होता, “ऐकू येत न्हाई का तुम्हाला? तसं असलं तर आजच सायकल बंद!” काका म्हणाले होते, “ऐकू येतंय. तो माणूसच चोरावानी आला.”

आणि मग सावलीचा प्रश्न निघाला. चालणाऱ्या काकूंनी ठरवलं, डावी बाजू आमची, सायकली उजवीकडं, मधे पांढरी पट्टी. सगळे बाकड्याभोवती जमले. काका एकटेच भांडत होते. “डावीकडं माणसं सोडली की घात हाय!” कुणीतरी म्हणालं, “डावीकडच्यांनी तुमचं काय घोडं मारलंय? ऐकू येत न्हाई का त्या बाजूनं?” काका सायकलचा आरसा पुसायला लागले. त्यांचा मुलगाही तिथंच उभा होता, आणि तो वडिलांकडं नीट बघायला लागला होता.

मी म्हणाले, “सायकली डावीकडंच राहू द्या. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही.”

सगळे माझ्याकडं वळले, काकांचा मुलगासुद्धा. पट्टीचा विषय तिथंच संपला. दुपारपर्यंत ही बातमी आईपर्यंत पोचली, आणि संध्याकाळी त्यातल्या एका काकूंनी आपल्या मुलासाठी नेलेला माझा बायोडेटा परत पाठवला, ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून.

जगावर संशय घेणाऱ्या त्या माणसानं माझ्या कानावर मात्र कधी संशय घेतला नाही. उलट तेव्हापासून बोलायचं असलं की ते मुद्दाम माझ्या उजव्या हाताला सायकल आणतात. मला ऐकू यावं म्हणून. म्हणजे मी त्यांच्या डाव्या हाताला येते आणि माझं त्यांना काहीच ऐकू येत नाही. तरी ते मान हलवतात, “हाव, हाव” म्हणतात. त्यांच्या डाव्या बाहीवर आता ओरखडे नाहीत, कारण कुंपणाकडून मी असते.

मला नांदेडला नोकरी लागली. निघायच्या आदल्या सकाळी आम्ही शेवटची फेरी मारली. मी नेहमीसारखी त्यांच्या डाव्या हाताला, आणि ते जळकोटच्या घाटातली कुठली तरी गोष्ट रंगवून रंगवून सांगत होते. ती संपल्यावर मी मोठ्यानं, अगदी स्पष्ट म्हणाले, “काका, मला दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं.”