‘नवा’ लिहिलेला डबा

लिहिण्याआधीच माफी मागतो. असं काही लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, माहीत नाही. मी बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दीड वर्षापासून साकीनाक्याच्या एका छोट्या कंपनीत ट्रेनी आहे. अनुभव सांगावेत ते वीस-पंचवीस वर्षं काम केलेल्यांनी. पण ही चूक माझी स्वतःची आहे. ती दुसरं कोणी माझ्यासाठी सांगणार नाही, म्हणून लिहितो.

रविवारी सकाळी साडेअकराला मी मुलुंडच्या एका स्कॅन सेंटरच्या सर्व्हर रूममध्ये उभा होतो आणि मी नुकतंच एक बटण दाबलं होतं. स्क्रीनवर काही वाईट दिसत नव्हतं. उलट हिरवी खूण आली होती. पण समोरच्या डब्यावरचे छोटे दिवे भराभर लुकलुकत होते, आणि त्या डब्यावर स्टिकर होता: ‘नवा’. रिकाम्या डब्याचे दिवे असे लुकलुकत नाहीत.

थोडं समजावून सांगतो. या सेंटरमध्ये दोन सर्व्हर आहेत, म्हणजे दोन दणकट कॉम्प्युटर. त्यांच्या पोटात आम्ही सॉफ्टवेअरने आणखी कॉम्प्युटर चालवतो. एक अपॉइंटमेंटचा, एक रिपोर्टचा, एक एमआरआयची चित्रं सांभाळणारा. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. डेटा मात्र सर्व्हरमध्ये नसतो. तो शेजारच्या डब्यात असतो. त्याला स्टोरेज म्हणतात. दोन्ही सर्व्हर नेटवर्कवरून त्याच एका डब्यातून वाचतात. एक सर्व्हर बंद पडला तरी दुसरा लगेच काम उचलतो. पण डबाच गेला, तर सगळं गेलं.

माझं काम सोपं होतं. तिसरा, नवा सर्व्हर आला होता आणि त्याच्यासाठी दुसरा, नवा डबा. सर्व्हर डब्याला जोडायचा, डब्यातली रिकामी जागा फॉरमॅट करायची आणि निघायचं. आमचे बॉस परब सर त्या दिवशी घाटकोपरला दुसऱ्या क्लायंटकडे होते. “एवढं तू एकटा करशील,” म्हणाले होते. त्यांनी मला एकटं पाठवण्याची ही पहिलीच वेळ. बाबांनी घरून निघताना शर्टाला इस्त्री करून दिली होती. ते नाहूरला एका सोसायटीत वॉचमन आहेत. आमच्या घरात ऑफिसच्या कामाला जाणारा मी पहिलाच.

डब्याच्या दर्शनी बाजूला एक बारीक डिस्प्ले असतो. त्यावर त्याचा नेटवर्कवरचा पत्ता दिसतो. ‘नवा’ लिहिलेल्या डब्यावरून मी तो वाचला आणि सर्व्हरला दिला. डबा जोडला गेला. सर्व्हरने सांगितलं, जागा कोरी आहे, इनिशियलाइज करू का? म्हणजे वापरासाठी तयार करू का? मी ‘हो’ दाबलं.

आणि मग दिवे दिसले.

मी धावत रिसेप्शनला गेलो. तिथे प्राजक्ता बसते. माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ.

“प्राजक्ता, एखादा जुना स्कॅन उघड ना. कुठलाही.”

“का रे? चेहरा का पडलाय तुझा?”

“उघड ना यार, प्लीज.”

तिने उघडला. मी परत आत पळालो. ‘नवा’चे दिवे वेड्यासारखे नाचत होते. ‘जुना’ लिहिलेला डबा शांत. पुन्हा बाहेर जाऊन म्हटलं, “बंद कर.” आत आलो, तर नाच कमी झालेला. सात वर्षांचे सगळे स्कॅन ‘नवा’ लिहिलेल्या डब्यात होते.

स्टिकर शुक्रवारी मीच लावले होते. अक्षर माझंच. मग बदलले कसे? दारात वसंतकाका उभे होते, सेंटरचे जुने शिपाई.

“काका, या डब्यांना कोणी हात लावला होता का?”

“मी लावला ना! काल पूजा केली. नवीन मशीन आलं की नारळ फोडल्याशिवाय मॅडम सुरू करू देत नाहीत. ओल्या फडक्याने दोन्ही पुसले. कागद सुटले, ते पुन्हा चिकटवले व्यवस्थित.”

“कुंकू दोन्हींना लावलंत?”

“एकालाच लावलं तर बरं दिसतं का?”

काकांची काही चूक नव्हती. दोन्ही डबे एका कंपनीचे, एका मापाचे, आणि जुन्याची धूळ त्यांनी अगदी मनापासून घासली होती. चूक माझी. सरांच्या यादीत पहिली ओळ होती: डब्यामागचा सीरियल नंबर मालासोबत आलेल्या चलानाशी जुळवणे. त्यासाठी डबे ठेवलेल्या लोखंडी रॅकमागे वाकून टॉर्च मारावा लागतो. समोर माझंच अक्षर होतं, म्हणून मी वाकलो नाही.

मी सरांना फोन लावला.

“सर, मी दाबलं.”

“काय दाबलंस?”

“इनिशियलाइज. पण तो जुना डबा आहे सर. चालू डबा.”

“फॉरमॅट केलंस?”

“नाही. फॉरमॅटची खिडकी समोर उघडी आहे. हात लावला नाही.”

“मग आता गप रव. नव्या सर्व्हरची नेटवर्क केबल उपट. जुने दोन सर्व्हर चालू आहेत ना? त्यांना कोणी, म्हणजे कोण्णी हात लावायचा नाही. मी येतंय.”

सर मालवणीत बोलायला लागले की प्रकरण गंभीर असतं, हे मला एव्हाना माहीत होतं.

झालं होतं ते असं. नव्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर वेगळ्या कंपनीचं आहे. जुन्या सर्व्हरांनी लिहिलेलं त्याला वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणून त्याने ‘कोरं आहे’ असं सांगितलं. जुना डबाही कुठल्याही सर्व्हरला आत घेत होता, कारण परवानगीची यादी कोणी कधी भरलीच नव्हती. डबा ही वही धरली, तर मी ‘हो’ म्हटल्यावर नव्या सर्व्हरने तिचं पहिलं पान, अनुक्रमणिकेचं, पुसून नवं लिहिलं. बाकी पानं शाबूत होती. जुन्या दोन सर्व्हरांच्या डोक्यात ती अनुक्रमणिका पाठ होती, म्हणून त्यांचं काम चालू होतं. पण ते एकदा बंद होऊन सुरू झाले, की पहिलं पान पुन्हा वाचायला जाणार आणि त्यांनाही डबा कोरा दिसणार. बॅकअप होता, पण फक्त रिपोर्टच्या मजकुराचा. चित्रांचा नव्हता.

पाच मिनिटांत वरून एमआरआयचे टेक्निशियन मिलिंददादा खाली आले.

“अरे, सिस्टीम स्लो झालीय. रीस्टार्ट मार ना.”

“नको दादा.”

“नको काय? तुमच्याच कंपनीने शिकवलंय, काही झालं की आधी रीस्टार्ट. हो बाजूला, मी मारतो.”

हे खरं होतं. फोनवर आम्ही सगळ्यांना हेच सांगतो. त्यांचा हात बटणाकडे गेला आणि मी रॅकला पाठ लावून उभा राहिलो. मोठ्या माणसाला असं अडवायची मला सवय नाही.

“दादा, माझ्याकडून चूक झालीय. आता रीस्टार्ट केलं तर सगळ्यांचे फोटो जातील. सात वर्षांचे.”

दादांनी हात मागे घेतला. “वाट लावलीस की रे,” एवढंच म्हणाले. मग खुर्ची ओढून दारातच बसले. “आता बघतो कोण आत येतं ते.”

पाऊण तासाने सर आले. आधी रॅकमागे वाकले, टॉर्च मारून दोन्ही नंबर मोठ्याने वाचले आणि मला चलानावर खूण करायला लावली. मग ठरवलं, जुने सर्व्हर चालू ठेवूनच सगळं खऱ्या नव्या डब्यात हलवायचं, आणि पहिल्यांदा चित्रांचा कॉम्प्युटर. एकला कॉपी सुरू झाली. ती संपेपर्यंत त्या मशीनवर कोणी काही उघडायचं नाही, असं त्यांनी वर कळवलं.

बाहेर नवऱ्याचा जुना स्कॅन न्यायला हिराबाई बसल्या होत्या. भांडुपला मासे विकतात. त्यांच्या नवऱ्याच्या डोक्यात गाठ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांना जुना आणि ताजा स्कॅन शेजारी ठेवून बघायचा होता. गाठ वाढली असेल तर डोकं उघडायचं, नाहीतर नाही. दोन वर्षांपूर्वीची सीडी घरात कुठे गेली ते सापडत नव्हतं. जुना फोटो फक्त आमच्या डब्यात होता.

“पोरा, माझ्या मान्साचा फोटू हाय ना आत?” मी पाणी प्यायला बाहेर आलो तेव्हा त्यांनी विचारलं.

“आहे मावशी. थोडा वेळ लागेल.”

“लागू दे. मी काय टोपली घेऊन बसलेय काय, बर्फ वितळायला?”

प्राजक्ता हसली. मला हसता आलं नाही. कॉपी चाळीस टक्के झाली होती.

आत सर एका स्टुलावर, मी दुसऱ्यावर. साठ. ऐंशी. एक्क्याण्णववर आकडा बराच वेळ अडकला. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. साडेपाचला सगळं पलीकडे गेलं. मग सरांनी मुद्दाम एक जुना सर्व्हर रीस्टार्ट केला आणि मला म्हणाले, “बघ.” जुना डबा त्याला कोरा दिसत होता. नव्या डब्यावर सगळं चालू होतं.

पहिला स्कॅन उघडला तो हिराबाईंच्या नवऱ्याचा. त्याची नवी सीडी घेऊन त्या रिक्षात बसल्या.

सेंटरच्या डॉक्टर मॅडमना सरांनी सांगितलं, “चूक आमची आहे.” मी म्हटलं, “माझी आहे, मॅडम.”

“चूक कळायला किती वेळ लागला?”

“दोन मिनिटं.”

“आमच्या धंद्यात काही जणांना दोन वर्षं लागतात,” म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

घरी बाबांनी एकच विचारलं, “नोकरी राहिली ना?” राहिली. परवानगीच्या याद्या आता आम्ही भरतो, चित्रांचाही बॅकअप घेतो, आणि फॉरमॅटच्या आधी मी वाकून, टॉर्च मारून सीरियल नंबर फोनवर सरांना वाचून दाखवतो. माझं अक्षर चांगलं आहे, पण स्वतःच्या अक्षरावर विश्वास ठेवणं मी सोडलंय. वसंतकाकांची पूजाही चालू आहे. फक्त ओला फडका रॅकच्या बाहेर थांबतो.

हिराबाईंचं पुढे काय झालं, ते मात्र तीन आठवडे कळलं नाही. मुलुंडला दोनदा जाऊनही विचारायची हिंमत झाली नाही. मग एका बुधवारी कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये प्राजक्ताचा फोन आला.

“ऐक, ती मावशी आली होती. गाठ होती तेवढीच आहे. डॉक्टरांनी दोन्ही फोटो जुळवून बघितले. ऑपरेशन नाही. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन.”

मी लॅबमधून बाहेर व्हरांड्यात आलो.

“आणि तुझ्यासाठी सुके बोंबील ठेवून गेलीय. आजच्या आज येऊन ने. पेशंट विचारतायत मला, इथे नक्की कसले फोटो काढता म्हणून.”