रिकाम्या आकाशातला कीस

नव्वदीच्या दशकात मी कात्रपच्या आमच्या दोन खोल्यांत बसून विश्वाचं वय काढत होते. आई म्हणायची, "धुणं वाळत घालायला जागा नाही, आणि ही विश्व मोजतेय."

माझ्या पीएचडीचा विषय होता दीर्घिकांचे गुच्छ. विश्वाच्या आरंभापासून उरलेल्या सूक्ष्मलहरी सगळ्या आकाशातून येतात. गुच्छातल्या तापलेल्या वायूतून येताना मात्र त्या किंचित मंद होतात. तो मंदपणा मोजला, त्याला क्ष-किरणांची मोजणी जोडली, की गुच्छाचं अंतर कळतं आणि अंतरावरून विश्वाचं वय. तीन वर्षं खपून माझं उत्तर आलं होतं. प्रबंध टायपिंगला द्यायचा तेवढा राहिला होता.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात चेकर होते. दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्याचाच पगार घेत असल्यामुळे त्यांना रविवारी करमायचं नाही. अशाच एका रविवारी पोहे खाता खाता त्यांनी माझे कागद पुढ्यात ओढले.

"मंद म्हणजे कशापेक्षा मंद?"

"शेजारच्या रिकाम्या आकाशापेक्षा. आधी गुच्छ बघायचा, मग बाजूचं आकाश, आणि वजाबाकी करायची."

"म्हणजे शून्य तिथे धरलंस. ते रिकामं आहे हे चेक कोणी केलं? आमच्याकडे शून्य लावताना प्लेटवर लोखंडाचा कीस राहिला, की गेज सगळ्या जॉबचं माप चुकीचं दाखवतो. जॉब बिचारे बरोबर कापलेले असतात."

"बाबा, आकाशात कीस पडत नाही," मी म्हटलं. तेव्हा मी फार शहाणी होते.

तरी मंगळवारी लायब्ररीत जाऊन रेडिओस्रोतांची यादी उघडली. माझ्या रिकाम्या आकाशात एक दीर्घिका मजेत बसलेली होती. तिच्या लहरींनी ते आकाश उजळलं होतं, त्यामुळे गुच्छ आहे त्याहून मंद दिसत होता, अंतर जास्त येत होतं, आणि माझं विश्व आहे त्याहून म्हातारं. तीन वर्षं पाण्यात गेली म्हणून मी तिथेच रडले. मग चार महिने बसून सगळं पुन्हा मांडलं. विश्व बरंच तरुण झालं. बाबांना काय ते सांगितलं, तर म्हणाले, "बघ."

उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या बाइंडरकडून प्रबंध बांधून आणला, तेव्हा बाबांनी हात धुऊन तो मांडीवर घेतला. आभाराच्या पानावरून बोट फिरवत त्यांनी सावकाश इंग्रजी वाचलं. मार्गदर्शकांचे आभार चर्चेबद्दल, मैत्रिणीचे आकडेमोड तपासल्याबद्दल, आईबाबांचे प्रेमाबद्दल.

"प्रेम तर आईनेही केलं," ते हसत म्हणाले. "चेकिंग मी केलं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाचही प्रती बांधून झाल्या होत्या.