कडुनिंब, बुरशी आणि मामा

बी.एस्सी. झाल्यावर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी मी बडनेऱ्याला ताईकडे राहायला आलो. भाऊजी रेल्वेत, घर दोन खोल्यांचं. वर्षभरासाठी म्हणून आलो होतो. परीक्षा हुकत गेल्या आणि मी राहतच गेलो.

एकदा भाचीला शाळेतून प्रकल्प मिळाला: झाड आणि लाकडावरची बुरशी यांची तुलना. मी खूश झालो. वनस्पतिशास्त्र माझाच विषय. या घरात माझा काहीतरी उपयोग होणार होता. अंगणातल्या कडुनिंबाच्या बुंध्यावर तपकिरी, टणक बुरशी आली होती, कान चिकटवल्यासारखी. तिचा तुकडा आणि कडुनिंबाची एक डहाळी घेऊन आम्ही खाली बसलो. भाऊजी ड्युटीवरून येऊन चहा पीत होते, ताई पीठ मळत होती.

"कडुनिंब उन्हात आपलं अन्न आपणच तयार करतो," मी सांगू लागलो. "बुरशीला ते जमत नाही. ती लाकडावर बसते आणि त्याचंच खाते."

"म्हंजे मामा, तुयासारखी?"

"काय बोलून राहिली, कार्टे!" ताई ओरडली.

"मी नाही! बाबाच तं आजीले फोनवर सांगत होते, मामा नुसता बसून खाते म्हनून."

भाऊजींचा कप हातातच राहिला. ताईने मान वर केली नाही. माझे कान तापले. हीच बुरशी मेलेलं लाकूड कुजवून त्याची माती करते, तिच्यावाचून जंगल चालत नाही, हे मला सांगता आलं असतं. पण ती वकिली कुणासाठी चाललीय, हे सगळ्यांनाच कळलं असतं.

"पुढचं लिही," मी म्हणालो. "झाडाला मुळं असतात."

भाऊजींचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण ते खोटं बोलले नव्हते.

त्याच आठवड्यात मी अकोल्याच्या एका शिकवणी वर्गात शिकवायची नोकरी धरली. भाऊजी माझी बॅग उचलून स्टेशनवर आले.

"पोरीचं बोलनं मनावर नको घेऊ," ते रुळांकडे बघत म्हणाले.

"ती बरोबरच बोलली, भाऊजी."

त्यांनी बॅग डब्यात चढवून दिली. गाडी हलेपर्यंत ते माझ्या खिडकीपाशी उभे होते.

अकोल्यात खानावळ लावली. माझ्याच पगारातून जेवत होतो, तरी कितीतरी दिवस वाढणारा जवळ आला की मी ताटात मान घालायचो आणि भूक असली तरी "बस झालं" म्हणायचो.